नाणे खणखणीत, मन साशंक

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरील अर्थविषयक बातम्या वाचून देशाची आर्थिक स्थिती कळते. आतल्या पानांवरील चार ओळींच्या बातम्या वाचून देशाची आर्थिक मनःस्थिती कळते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. अशाच दोन बातम्या येथे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली बातमी २००७ सालची, कोलकात्याची. त्या वर्षी बंगालमध्ये सुट्या पैशांची विलक्षण टंचाई निर्माण झाली. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा उघडकीस आले की, एक रुपयाची नाणी गोळा करून, वितळवून, सीमेपलीकडे बांगलादेशात पाठवली जात आहेत आणि तेथे त्यांच्यापासून दाढीची पाती तयार होत आहेत. एका नाण्यापासून पाच ते सात पाती होतात आणि म्हणून एक रुपयाचे नाणे प्रत्यक्षात पस्तीस रुपयांचे आहे, असा या धंद्यातील लोकांचा हिशोब त्या वेळच्या वृत्तांत प्रसिद्ध झाला होता.

दुसरी बातमी जून २०२२ मधील, तामिळनाडूच्या धर्मपुरी जिल्ह्यातील. एका तरुणाने सुमारे सहा लाख रुपयांची मोटार दहा-दहा रुपयांची नाणी मोजून विकत घेतली. त्याची आई दुकान चालवीत असे. ग्राहक दहाचे नाणे सुटे म्हणून घेण्यास नकार देत, त्यामुळे घरात नाण्यांचा ढीग साचला. परिसरातील मुले तर ही नाणी निरुपयोगी समजून त्यांच्याशी खेळताना त्याला दिसली. ‘हे नाणे खरे आहे’ एवढे लोकांना दाखवून देण्यासाठी त्याने महिनाभर नाणी जमवली आणि थेट मोटारींचे दालन गाठले.

भारत सरकारच्याच टांकसाळीतून बाहेर पडलेले नाणे एका ठिकाणी दर्शनी किमतीच्या पस्तीस पट मोलाचे ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी पोरांच्या हातचे खेळणे होते. या दोन्ही गोष्टी हसण्यासारख्या खऱ्या. परंतु हसून झाल्यावर एक प्रश्न शिल्लक उरतो. मग नाण्याची किंमत ठरवते तरी कोण?

एक नाणे, तीन किमती

नाण्यावर जो आकडा कोरलेला असतो ते त्याचे दर्शनी मूल्य. हे सरकार ठरवते. नाणे ज्या धातूचे बनले त्या धातूचा बाजारभाव हे त्याचे धातुमूल्य. हे बाजार ठरवतो. या दोहोंखेरीज एक तिसरी किंमत असते, ती कोठेही कोरलेली वा छापलेली नसते. समोरचा माणूस ते नाणे घेईल की नाही, यावर ती अवलंबून असते. तिला स्वीकारमूल्य म्हणता येईल.

सर्व काही सुरळीत असते तेव्हा धातुमूल्य दर्शनी मूल्यापेक्षा बरेच खाली असते, आणि दर्शनी मूल्य व स्वीकारमूल्य तंतोतंत सारखे असतात. अशा वेळी कोणीही नाण्याचा विचार करीत नाही, आणि पैशाचा विचार करावा लागू नये हेच उत्तम पैशाचे लक्षण आहे. धातुमूल्य वर चढले की नाणे भट्टीत जाते. स्वीकारमूल्य खाली घसरले की ते गल्ल्यात पडून राहते. कोलकात्याची बातमी पहिल्या विकाराची आहे, धर्मपुरीची दुसऱ्या विकाराची. परिणाम मात्र दोन्हीकडे एकच: नाणे व्यवहारातून नाहीसे होते.

नाणे पाडण्याचा खर्च हाही येथे विचारात घेण्याजोगा आहे. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरातून जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांनुसार एक रुपयाचे नाणे पाडण्यास १ रुपया ११ पैसे, दोन रुपयांच्या नाण्यास १ रुपया २८ पैसे, पाचच्या नाण्यास ३ रुपये ६९ पैसे आणि दहाच्या नाण्यास ५ रुपये ५४ पैसे खर्च येत होता. म्हणजे दहाच्या नाण्यामागे सरकारला जवळजवळ साडेचार रुपये सुटतात, तर रुपयाच्या नाण्यामागे अकरा पैसे पदरचे घालावे लागतात. एखाद्या कारखानदाराने असा हिशोब मांडला असता तर कर्ज देणाऱ्या बँकेने त्याला रुपयाचे उत्पादन तत्काळ बंद करण्याचा सल्ला दिला असता. परंतु रुपयाचे नाणे हा विक्रीचा माल नव्हे. रस्ता बांधताना त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीमागे किती नफा झाला, हे कोणी मोजत नाही. नाणे एकदा पाडले की ते वर्षानुवर्षे हजारो हातांतून फिरते आणि प्रत्येक वेळी एक व्यवहार सुकर करते. या दृष्टीने अकरा पैशांचा तोटा क्षुल्लक आहे. मात्र त्यासाठी नाणे फिरले पाहिजे. घरात, गल्ल्यात वा पोत्यात पडून राहिलेले नाणे हा शुद्ध तोटा होय.

रुपयाचे पाते

रुपयाचे नाणे १९९२ पासून पोलादाचे आहे. २००७ च्या सुमारास निघालेल्या नाण्याचे वजन ४.८५ ग्रॅम होते. पाच ग्रॅमहूनही कमी पोलादाची किंमत पस्तीस रुपये होत नाही, हे सांगण्यास धातुशास्त्रज्ञ नको. पस्तीस रुपये ही तयार पात्यांची विक्रीची किंमत. तीत कारागिरी आली, यंत्र आले, नफा आला. तस्कराला तेवढा फरक पुरेसा होता. उत्तम प्रतीचे, गंज न चढणारे, एकसारख्या जाडीचे पोलाद भारत सरकार स्वतः चकत्या करून रुपयाला एक या दराने घरपोच देत असताना, त्याने ते अन्यत्र का शोधावे?

इंग्लंडमधील सोळाव्या शतकातील व्यापारी सर टॉमस ग्रेशॅम यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेला असतो: निकृष्ट पैसा उत्कृष्ट पैशाला चलनातून हुसकावून लावतो. ज्या नाण्यात धातू अधिक मोलाचा, ते लोक दडवतात वा वितळवतात, आणि हलके नाणे तेवढे बाजारात फिरते. सोन्याचांदीच्या युगातील हा नियम साध्या पोलादाच्या रुपयालाही लागू पडावा, ही त्या वर्षीची खरी बातमी होती.

नाणी नाहीशी झाल्यावर काय घडते, तेही त्याच वर्षी दिसले. आसाममधील काही चहामळ्यांत मजुरांना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या देण्यात येऊ लागल्या. चिठ्ठीवर रक्कम लिहिलेली असे आणि मळ्याच्या हद्दीत ती पैसा म्हणून चाले. मळ्याच्या फाटकाबाहेर मात्र तो केवळ पुठ्ठा. ज्याच्या हाती ती चिठ्ठी आली, त्याची मजुरी तेवढ्या कुंपणापुरती कैद झाली.

सरकारने यावर दोन उपाय केले. २०११ च्या नाणे कायद्याने नाणे वितळवणे वा नष्ट करणे हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरवला. दुसरा उपाय अधिक परिणामकारक होता. नाणेच हलके करण्यात आले. ४.८५ ग्रॅमचा रुपया २०११ च्या मालिकेत ३.७९ ग्रॅमचा झाला आणि २०१९ च्या मालिकेत ३.०९ ग्रॅमवर आला. तस्कराचा नफा घटला. परंतु प्रत्येक बदलाबरोबर जुनी आणि नवी, मोठी आणि छोटी अशी एकाच किमतीची अनेक रूपे एकाच वेळी बाजारात राहिली. दृष्टिहीन व्यक्ती, वृद्ध आणि बसचा वाहक यांनी अंधारात बोटांनी नाणे ओळखावे तरी कसे, हा प्रश्न उभा राहिला. २०१९ च्या मालिकेची रचना करताना दृष्टिहीनांच्या सोयीचा विचार करण्यात आला आणि वीस रुपयांचे नवे नाणे बारा बाजूंचे करण्यात आले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तरीही अनेक रूपांच्या या गर्दीनेच पुढच्या गोंधळाची बीजे पेरली होती.

दहाचे नाणे आणि अफवेचे गणित

दोन धातूंचे दहा रुपयांचे नाणे २००९ मध्ये चलनात आले. दहाची नोट लवकर मळते, फाटते. नाणे वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे ही कल्पना सर्वथा शहाणपणाची होती. २०१० मध्ये रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह निश्चित झाले आणि २०११ पासून ते नाण्यांवर येऊ लागले. त्यामुळे दहाच्या नाण्याची दोन ठळक रूपे झाली. जुन्या नाण्यावर चिन्ह नाही व पंधरा रेषा आहेत. नव्यावर चिन्ह आहे व दहा रेषा आहेत. याखेरीज निरनिराळ्या प्रसंगांची स्मारक नाणी होतीच. २०१६ मध्ये दिल्लीत बनावट नाण्यांचा एक कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला आणि त्यानंतर ‘पंधरा रेषांचे नाणे खोटे’ अशी वार्ता भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अफवेला सत्याचा कण मिळाला की ती फार काळ टिकते. बनावट नाणी सापडली, हे सत्य होते. परंतु रेषा मोजून खरे-खोटे ठरते, हे असत्य होते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला. १७ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा खुलासा करून सांगितले की, तोपर्यंत दहाच्या नाण्याची चौदा रूपे निघाली असून ती सर्वच्या सर्व वैध आहेत. खात्री करून घेण्यासाठी १४४४० हा निःशुल्क क्रमांकही देण्यात आला. एवढे होऊनही २०२२ मध्ये धर्मपुरीची मुले दहाच्या नाण्यांशी खेळत होती.

सरकार सांगते, रिझर्व्ह बँक सांगते, तरी लोक का ऐकत नाहीत? अशा वेळी सामान्य माणसाला अडाणी ठरवण्याची सुशिक्षितांना फार घाई असते. वस्तुतः नाणे नाकारणारा भाजीविक्रेता अतिशय तर्कशुद्ध वागत असतो. त्याचा प्रश्न ‘नाणे खरे आहे का?’ हा नसतोच. ‘मी हे घेतले तर उद्या पहाटे बाजारात घाऊक व्यापारी माझ्याकडून घेईल का?’ हा त्याचा प्रश्न असतो. व्यापारी घेणार नसेल, तर रिझर्व्ह बँकेचे पत्रक खिशात असूनही विक्रेत्याचे दहा रुपये बुडतात. व्यापाऱ्यालाही नेमकी हीच शंका पुढच्या माणसाविषयी असते. अशा रीतीने प्रत्येक जण नाणे खरे आहे हे मनोमन जाणत असूनही ते नाकारतो, कारण दुसरा ते नाकारील अशी त्याला भीती असते. कोणाचीही चूक नसताना सर्वांची मिळून चूक व्हावी, असा हा चमत्कारिक फेरा आहे.

मराठी मुलखाला हा अनुभव नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या देशात नाना टांकसाळींचे नाना रुपये चालत. चांदवडी, अंकुशी अशी त्यांची नावे जुन्या कागदपत्रांत भेटतात. मराठवाड्यातील जुन्या पिढीने तर हैदराबाद संस्थानाचा हाली सिक्का आणि इंग्रजी रुपया असा दुहेरी हिशोब केलेला आहे. प्रत्येक रुपया सराफ दगडावर वाजवून पाही आणि परक्या मुलखाच्या रुपयातून काही रक्कम कापून घेई. हीच ती ‘बट्टा’ नावाची कपात. सर्वत्र एकच रुपया चालावा म्हणून १८३५ मध्ये कायदा झाला. तरीही ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आजही त्या काळाची आठवण जपून आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतर, सर्वत्र एकच रुपया असताना, एका जिल्ह्यात चालणारे नाणे शेजारच्या जिल्ह्यात चालू नये, हा बट्टा नाण्याला लागलेला नसून परस्परविश्वासाला लागलेला आहे.

दिल्लीच्या महंमद तुघलकाची कथा याच्या नेमकी उलट आहे. दौलताबादमुळे मराठी वाचकाला हा सुलतान चांगला परिचित आहे. चौदाव्या शतकात त्याने तांब्या-पितळेची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याइतक्या मोलाची आहेत असे फर्मान काढले. कल्पना काळाच्या पुढची होती. आजची सर्वच नाणी त्याच तत्त्वावर चालतात. परंतु नक्कल करण्यास सोपे नाणे आणि नक्कल रोखण्यास असमर्थ शासन असा तो योग होता. घरोघरी नाणी पडू लागली आणि अखेर सुलतानाला तांबे परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजावी लागली. तात्पर्य एवढेच की, सुलतानाचे फर्मान लोकांच्या विश्वासाची जागा घेऊ शकले नाही. तेव्हा खोट्या नाण्यांना लोकांनी खरे म्हणून चालवले. आज खऱ्या नाण्यांना खोटे म्हणून नाकारले जाते.

परतीचा रस्ता नसलेले चलन

सुट्या पैशांच्या टंचाईने भारतात एका स्वतंत्र चलनाला जन्म दिला, ते म्हणजे दुकानदाराची गोळी किंवा चॉकलेट. ‘सुटे नाहीत, चॉकलेट घ्या,’ हे वाक्य काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत भाषा बदलून ऐकू येते. या चलनाची वैशिष्ट्ये अभ्यासण्यासारखी आहेत. ते चालू करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. त्याचा विनिमय दर दुकानदार ठरवतो. आणि ते एकाच दिशेने वाहते. बरणीभर गोळ्या घेऊन त्याच दुकानात तेलाची पिशवी मागण्यास गेलेल्या ग्राहकाला हे तत्काळ कळून येईल.

गोळी छापील किमतीला दिली तरी दुकानदाराला ती घाऊक दराने पडलेली असते. म्हणजे रुपया परत न करता, एका न मागितलेल्या वस्तूची विक्री होऊन तिच्यावर नफाही मिळतो. रक्कम क्षुद्र आहे, म्हणून कोणी वाद घालत नाही. परंतु सुटे पैसे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि त्याऐवजी वस्तू द्यायची तर ती ग्राहकाच्या संमतीने, हे तत्त्व क्षुद्र नाही.

हा विकार केवळ भारताचा नाही. इटलीत १९७० च्या दशकाच्या मध्यास सुट्या नाण्यांचा असाच दुष्काळ पडला. तेथील दुकानदारांनीही गोळ्या दिल्याच. मग बँका पुढे सरसावल्या आणि त्यांनी ५०, १००, १५० लिरा अशा रकमांचे चिमुकले धनादेश छापून बाजारात आणले. इटालियन भाषेत त्यांना ‘मिनी-असेन्यी’, म्हणजे छोटे धनादेश, असेच नाव पडले. लोक ते नोटांप्रमाणे वापरू लागले. टांकसाळीने पुरेशी नाणी पाडल्यावर ते अस्तंगत झाले आणि आज संग्राहकांच्या वह्यांत विसावले आहेत. अमेरिकेने तर आपला एक सेंट पाडण्यास साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येतो म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी तो पाडणेच थांबवले. कॅनडाने हा निर्णय २०१२ मध्येच घेऊन रोखीची रक्कम जवळच्या पाच सेंटांपर्यंत पूर्णांकित करण्याचा शिरस्ता घातला होता.

पैसा गेला, हिशोब राहिला

आपल्याकडेही पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पन्नास पैशांचे नाणे आजही वैध आहे. ते दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु पैसा गेला तरी पैशांतील हिशोब गेला नाही. पेट्रोलचा दर आजही दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिला जातो. जोड्यांच्या किमती पंच्याण्णव पैशांनी संपवण्याची जुनी रीत ग्राहकांच्या अजून स्मरणात आहे. जे नाणे अस्तित्वातच नाही त्याच्या आधारे किंमत लिहायची आणि उरलेली रक्कम परत करण्याचा प्रश्न आला की हात वर करायचे, हा विनोद केवळ बाजारातच शोभतो.

बँकांनी या बाबतीत शिस्त पाळलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार व्याजासह सर्व व्यवहार जवळच्या रुपयापर्यंत पूर्णांकित केले जातात. पन्नास पैसे वा अधिक असल्यास पुढचा रुपया, कमी असल्यास मागचा. कधी ग्राहकाचे काही पैसे जातात, कधी बँकेचे. नियम दोघांनाही सारखाच लागू असल्याने दीर्घ काळात हिशोब बरोबरीत राहतो. बाजारातील पूर्णांकन मात्र नेहमी वरच्या दिशेनेच का होते, हा प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावा.

भाषेचे तर याहून अद्भुत आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली आणि आणे-पै यांचे राज्य संपुष्टात आले. तरीही आपण ‘पै-पैचा हिशोब’ मागतो आणि ‘सोळा आणे’ खात्री देतो. नाणे बाद झाले तरी त्याच्या नावावरचा विश्वास अबाधित राहिला. आणि जे नाणे बाद झालेले नाही, त्याच्यावरचा विश्वास मात्र उडाला!

दोन लाख साठ हजार नाणी

मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूतीलच सेलम येथे एका तरुणाने २ लाख ६० हजार रुपयांची मोटारसायकल एक रुपयाच्या नाण्यांत विकत घेतली. तीन वर्षांची ती बचत होती. नाणी मोजण्यास दालनातील कर्मचाऱ्यांना दहा तास लागले. प्रत्येक नाणे ३.७९ ग्रॅमचे धरले तरी हा ऐवज सुमारे ९८५ किलो, म्हणजे जवळजवळ एक टन भरतो. ज्या गाडीसाठी पैसे मोजले, तिच्याहून पैशांचेच वजन कितीतरी अधिक!

अशा बातम्या वाचून ‘नाणे वैध असल्यामुळे दुकानदाराला ते घ्यावेच लागते’ असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. नाणे कायद्याच्या सहाव्या कलमानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध चलन आहेत. पन्नास पैशांची नाणी केवळ दहा रुपयांपर्यंत. याचा अर्थ असा की, पन्नास रुपयांच्या भाजीचे पैसे नाण्यांत देण्यास आलेला ग्राहक पूर्णपणे कायद्याच्या बाजूने उभा असतो. मोटारसायकल वा मोटार विकणाऱ्या दालनाने पोत्यांनी आणलेली नाणी स्वीकारली, तो मात्र त्यांचा सौजन्याचा भाग होता. व्यवहारात आपण नेमके उलटे वागतो. दहा रुपयांच्या नाण्याला भाजीच्या गाडीवर नकार मिळतो आणि सहा लाखांच्या नाण्यांना दालनात पुष्पगुच्छ मिळण्याची शक्यता असते, कारण तेथे छायाचित्रकार हजर असतात.

फेरा तोडणारी खिडकी

धर्मपुरीच्या बातमीतील एक तपशील सहज नजरेतून सुटतो. नाणी मोजण्यास माणसे नाहीत म्हणून बँका ती घेत नाहीत, असे त्या तरुणाने वृत्तसंस्थेला सांगितले होते. त्याच्या या म्हणण्यात किती तथ्य होते, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. परंतु हे वाक्य बँकेत काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला एकदा ऐकवावे असे आहे.

वर वर्णन केलेला फेरा आठवा. विक्रेता व्यापाऱ्याकडे पाहतो, व्यापारी पुढच्याकडे पाहतो. ही साखळी कोठे तरी संपली पाहिजे, आणि ती संपण्याची एकच स्वाभाविक जागा आहे: बँकेची रोखपालाची खिडकी. ‘कोणीच घेतले नाही तरी बँक घेईल’ ही खात्री असेल, तर व्यापारी नाणे घेईल. व्यापारी घेईल म्हणून विक्रेता घेईल. विक्रेता घेईल म्हणून कोणालाच बँकेत पोते न्यावे लागणार नाही. याउलट बँकेच्या एका खिडकीवरून ‘चिल्लर नको’ हे दोन शब्द उच्चारले गेले, की ते संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजारात पोहोचतात. नाणे खरे आहे असे सांगणारी शंभर पत्रके तो एक नकार पुसून टाकतो. बँकच जे घेत नाही ते पैसे कसले, असे लोकांनी म्हटले तर त्यांना दोष कसा द्यावा?

रोखपालाची अडचणही खोटी नाही. नाणी मोजण्यास वेळ लागतो, समोर रांग असते, तिजोरीत जागा नसते आणि घेतलेली नाणी पुन्हा नेण्यास ग्राहक उत्सुक नसतात. मात्र यावर मार्ग आहेत. एक व दोन रुपयांची नाणी वजनावर घेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या करून घेतल्यास काम आणखी सोपे होते. नाणी वाटपासाठी बँकांना मिळणारे प्रोत्साहन २०२१ मध्ये थैलीमागे २५ रुपयांवरून ६५ रुपये करण्यात आले. भ्रमणध्वनीवरून पैसे चुकते करून नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रायोगिक प्रकल्पही २०२३ मध्ये जाहीर झाला. याहून सोपा उपाय म्हणजे ज्या शाखेत देवस्थानाची वा बसगाड्यांच्या आगाराची नाणी जमा होतात, तिने आसपासच्या किराणा व्यापाऱ्यांची यादी करून ती त्यांच्यापर्यंत पोहोचवावीत. एकाकडे पोते भरून नाणी आणि दुसऱ्याकडे गोळ्यांची बरणी, ही विसंगती अनेकदा एकाच रस्त्यावर नांदत असते.

‘आता सर्व व्यवहार भ्रमणध्वनीवर होतात, नाण्यांची चिंता कशाला?’ असे कोणी म्हणेल. ज्यांच्या हाती तसा भ्रमणध्वनी आणि खात्यात शिल्लक आहे, त्यांच्यापुरते हे खरे आहे. त्यांनी नाण्यांचा त्याग केल्यावर नाणी उरतात ती ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांच्या हाती: फुटपाथवर गजरे विकणारी स्त्री, बसने कामावर जाणारी वृद्धा, रोजंदारीवरचा मजूर. दहाचे नाणे नाकारले गेल्याने श्रीमंताचे काहीही बिघडत नाही. तो खिशातून दुसरी नोट काढतो. दिवसभरात दोनशे रुपये कमावणाऱ्या स्त्रीच्या कमाईतील चार नाणी चालली नाहीत, तर तिच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा त्या दिवशी पैसा राहत नाही. आतल्या पानावरच्या गमतीदार बातमीमागचे हे साधे अंकगणित आहे.

नाण्याच्या एका बाजूस अशोकस्तंभावरील सिंह असतात. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन छापलेले असते; नाण्यावर तसे कोणतेही वचन नसते. ते वचन नाणे हातात घेणारा प्रत्येक जण पुढच्याला देत असतो. पुढच्या वेळी कोणी संकोचाने दहाचे नाणे पुढे केले, तर ते निःशंकपणे घ्यावे आणि लवकरात लवकर पुढे द्यावे. नाण्याचे आरोग्य त्याच्या चालण्यातच आहे.

ग्राहकांनी लक्षात ठेवावे असे

• एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची सर्व रूपांतील नाणी तसेच पन्नास पैशांचे नाणे वैध आहे. रेषा वा चिन्ह पाहून नाणे नाकारू नये.

• खात्यात नाणी जमा करण्यावर रिझर्व्ह बँकेने कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही. एक हजाराची मर्यादा देणे चुकते करण्यापुरती आहे.

• नाणी किमतीनुसार वेगळी करून, शंभर-शंभरच्या पिशव्यांत आणल्यास ग्राहकाचा व रोखपालाचा दोघांचाही वेळ वाचतो.

• सुट्या पैशांऐवजी वस्तू घेणे ग्राहकावर बंधनकारक नाही.

• शाखेने नाणी घेण्यास नकार दिल्यास शाखाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. ती ग्राहकाची कटकट नसून चलनव्यवस्थेला केलेले साहाय्यच आहे.